लढाईसाठी अनडेड टेम्प्लेट कसं निवडावं: गेम मास्टरसाठी सविस्तर मार्गदर्शन

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलावर भूमिका घेऊन खेळायच्या खेळात गेम मास्टर (खेळ चालवणारा) अनडेड, म्हणजे मेल्यावर उठलेला, शत्रू घडवायला बसला की नजर आधी जाते ती टेम्प्लेटमधून मिळणाऱ्या गोष्टींवर. व्हॅम्पायरला स्ट्रेंग्थ (शारीरिक ताकद) अधिक ६, लिचला (अनडेड झालेल्या जादूगाराला) जबर डॅमेज रिडक्शन (दर घावातलं नुकसान घटवणारा गुण), घोस्टला भिंतीतून आरपार जाण्याची सोय. पण लढण्यासाठीच उभा केलेला शत्रू टेबलावर साधारण तीन ते पाच फेऱ्या टिकतो, आणि तेवढ्या वेळात तो कसा लढेल हे बहुतेक वेळा टेम्प्लेटने काढून घेतलेल्या गोष्टींवर ठरतं. म्हणून माझा पहिला आणि सर्वात ठाम सल्ला असा: टेम्प्लेटचं पान उघडलं की आधी ‘काय जातं’ ते वाचा. ते परवडत असेल तरच ‘काय येतं’ याकडे वळा.

टेम्प्लेट म्हणजे आधीपासून तयार असलेल्या प्राण्यावर किंवा पात्रावर चढवायचा नियमांचा संच. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २००० साली, ही पद्धत नियमांत नीट बसली. २००३ च्या ३.५ या आवृत्तीत ती सुधारली आणि २००९ पासून पाथफाइंडर या त्यावरूनच निघालेल्या खेळाने पुढे नेली. या लेखातले आकडे प्रामुख्याने ३.५ चे आहेत, कारण टेम्प्लेटचा सर्वात सढळ वापर तिथे होतो. पाथफाइंडर आणि पाचव्या आवृत्तीत जिथे हिशेब बदलतो तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी पहिली: शत्रूचं काम एका वाक्यात लिहा

कागदावर लिहा, मनात ठेवू नका. ‘हा दरवाजा अडवून उभा राहील.’ ‘हा मागच्या जादूगारापर्यंत पहिल्याच फेरीत पोचेल.’ ‘हे आठ जण मिळून पार्टीला (खेळाडूंच्या चमूला) एका जागी खिळवतील.’ ‘हा सेनापती आहे, याच्याशी लढताना खेळाडूंना घाम फुटला पाहिजे.’ हे वाक्य लिहिलं की निम्मी टेम्प्लेट आपोआप बाद होतात. दरवाजा अडवणाऱ्याला वेग लागत नाही, पण हिट पॉइंट, म्हणजे मार झेलण्याची क्षमता, लागतात. जादूगारावर झेपावणाऱ्याला इनिशिएटिव्ह (आधी हलण्याची संधी) आणि पूर्ण फेरीतल्या सगळ्या कृती लागतात. सेनापतीला बुद्धी, फीट (शिकलेली खास कौशल्यं) आणि क्लासच्या (पेशाच्या, जसं योद्धा किंवा जादूगार) पातळ्या लागतात.

‘भीतीदायक असावा’ हे काम नव्हे. ते वर्णनाने साधतं, त्यासाठी टेम्प्लेट खर्च करायची गरज नाही.

पायरी दुसरी: काय जातं ते वाचा

३.५ मधलं स्केलेटन टेम्प्लेट बघा. क्लासमुळे मिळालेले हिट डाइस (हिट पॉइंट ठरवणारे फासे) जातात, किमान एक उरतो. सगळे फीट जातात, बदल्यात फक्त इम्प्रूव्ह्ड इनिशिएटिव्ह मिळतं. खास हल्ले जातात. इंटेलिजन्स उरतच नाही. पंख असले तरी उडता येत नाही. नैसर्गिक चिलखताचा मूळ आकडा पुसला जातो आणि आकारानुसार नवा आकडा येतो. मध्यम आणि मोठ्या आकाराला तो जेमतेम अधिक २ असतो.

याचा अर्थ, दहाव्या पातळीचा नावाजलेला तलवारबाज मेला आणि त्याचा सांगाडा उठवला, तर हाती येतो एका हिट डाइसचा, सरासरी ६ हिट पॉइंटचा, एक तृतीयांश चॅलेंज रेटिंगचा सांगाडा. चॅलेंज रेटिंग म्हणजे शत्रू किती अवघड याचं माप. आयुष्यभराची तालीम पुसली जाते. कथेत ‘प्राचीन सेनापतीचा सांगाडा’ लिहून त्याला साधं स्केलेटन टेम्प्लेट लावलं तर पहिल्याच घावात खेळ आटोपतो. अशा शत्रूसाठी पाथफाइंडरमधलं स्केलेटल चॅम्पियन हे योग्य टेम्प्लेट आहे. त्यात क्लासच्या पातळ्या आणि फीट टिकतात, बुद्धी टिकते, स्ट्रेंग्थ आणि डेक्स्टेरिटीला (चपळाईला) प्रत्येकी अधिक २ मिळतात, आणि चॅनेल रेझिस्टन्सही (पवित्र ऊर्जेला तोंड देण्याची ताकद) मिळतो. मूळ प्राण्याला इंटेलिजन्स किमान ३ असावा लागतो, एवढीच अट. ३.५ खेळत असाल तरी हे टेम्प्लेट थोड्या बदलांनी बसवता येतं.

आता ट्रोल घ्या. मूळ ट्रोलचे ६ हिट डाइस, सरासरी ६३ हिट पॉइंट, रिजनरेशन ५ (दर फेरीला तेवढी जखम भरणं), रेटिंग ५. त्याला सांगाडा केलं की ३९ हिट पॉइंट उरतात, रिजनरेशन जातं, दोन्ही पंजे लागल्यावर फाडून काढण्याचा खास हल्लाही जातो, आणि रेटिंग ३ वर येतं. ट्रोलला ट्रोल बनवणारं काहीच उरलं नाही. खास गुणावर जगणाऱ्या प्राण्याला बुद्धिहीन टेम्प्लेट लावणं हा बहुतेक वेळा तोट्याचा व्यवहार असतो.

उलट, ज्याची ताकद निव्वळ हाडामांसात आहे त्याचं फारसं बिघडत नाही. मोठी स्ट्रेंग्थ, भरपूर नैसर्गिक हल्ले, लांब पोच, जड शस्त्र: या गोष्टी टिकतात. कायमेराच्या सांगाड्याचा श्वास जातो, उड्डाण जातं, पण दोन चावे, एक शिंगांची धडक आणि दोन पंजे असे पाचही हल्ले राहतात, आणि ९ हिट डाइसच्या हिशेबाने रेटिंग फक्त ४ येतं. मल्टिअटॅक फीट गेल्यामुळे दुय्यम हल्ल्यांना उणे ५ बसतं हे खरं, तरी त्या रेटिंगला एका फेरीत पाच हल्ले करणारा शत्रू सहज मिळत नाही.

पायरी तिसरी: हिट पॉइंटचा हिशेब स्वतः करा

३.५ मध्ये अनडेडला कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा दणकटपणा) नसतं. हिट डाइस डी१२ (बारा बाजूंचे फासे) होतात, पण कॉन्स्टिट्यूशनचा बोनस पूर्ण जातो. वरवर पाहता डी१२ म्हणजे जास्त हिट पॉइंट असं वाटतं. दणकट पात्रांच्या बाबतीत हे खोटं ठरतं.

आठव्या पातळीचा फायटर घ्या, कॉन्स्टिट्यूशन १६. पहिल्या पातळीचे १०, पुढच्या सात पातळ्यांचे सरासरी साडेपाच, आणि दर पातळीला ३. एकूण साधारण ७२. त्यालाच व्हॅम्पायर केलं की पहिल्या पातळीचे १२, पुढे सरासरी साडेसहा, बोनस शून्य. एकूण ५७. म्हणजे १५ हिट पॉइंट कमी झाले. व्हॅम्पायरला दर फेरीला ५ हिट पॉइंट परत मिळतात, त्यामुळे ही तूट भरून निघायला तीन फेऱ्या लागतात. तुमच्या पार्टीची सवय पहिल्या दोन फेऱ्यांत सगळा मारा एकावर ओतण्याची असेल, तर हा व्हॅम्पायर जिवंत फायटरपेक्षा लवकर पडू शकतो. त्याला वाचवणार आहे ते १० चं डॅमेज रिडक्शन, त्याबद्दल पुढे.

पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत अनडेडचे हिट डाइस डी८ असतात आणि कॉन्स्टिट्यूशनच्या जागी करिश्मा धरतात. इथे निवडीचं गणित पूर्ण पालटतं. करिश्मा ८ असलेला रांगडा योद्धा अनडेड झाला की दर हिट डाइसमागे एक पॉइंट गमावतो. त्याच जागी पॅलाडिन, सॉर्सरर किंवा बार्ड मूळ पात्र म्हणून घेतलं तर टेम्प्लेट त्याला मजबूत करतं. पाथफाइंडरमध्ये लढाऊ अनडेडसाठी मूळ पात्र निवडताना मी करिश्म्याचा आकडा स्ट्रेंग्थच्याही आधी बघतो.

झॉम्बीचा हिशेब मात्र वेगळाच आहे, आणि माझ्या मते या टेम्प्लेटला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही. ३.५ मध्ये झॉम्बीचे हिट डाइस दुप्पट होतात, नैसर्गिक चिलखत असलेल्यात भर पडते, स्ट्रेंग्थ अधिक २ होते आणि टफनेस फीट मिळतं. मूळ ओगर: ४ हिट डाइस, २९ हिट पॉइंट, आर्मर क्लास (घावापासून बचावाचा आकडा) १६, गदेचा हल्ला अधिक ८, नुकसान २डी८ अधिक ७, रेटिंग ३. ओगर झॉम्बी: ८ हिट डाइस, ५५ हिट पॉइंट, आर्मर क्लास १५, हल्ला अधिक ९, नुकसान २डी८ अधिक ९, रेटिंग तेच ३. त्याच किमतीत जवळपास दुप्पट आयुष्य. वाय्व्हर्नचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. मूळ प्राणी रेटिंग ६ चा, सरासरी ५९ हिट पॉइंटचा. झॉम्बी केल्यावर ९४ हिट पॉइंट आणि रेटिंग ४. विषारी नांगी बोथट होते, पण पंख चालू राहतात, कारण झॉम्बीला उडता येतं, फक्त वळणं बोजड होतात. उडणारा अनडेड हवा असेल तर सांगाड्याऐवजी झॉम्बी घ्या, हा नियम लक्षात ठेवा.

किंमत कुठे मोजावी लागते? झॉम्बीला एका फेरीत एकच कृती मिळते: चालणं किंवा मारणं. दोन्ही एकत्र करायचं तर सरळ रेषेत चार्ज करावा लागतो, आणि त्यासाठी समोर किमान १० फुटांची मोकळी वाट लागते. खांब, पडझड, पाणी, वळणं असलेल्या दालनात झॉम्बी ठेवला तर चपळ खेळाडू त्याला फेऱ्या मारायला लावून बाणांनी संपवतात. त्याला लांब सरळ बोळ द्या, किंवा असं दार द्या ज्यातून जाण्याखेरीज पार्टीला पर्याय नाही. आणखी एक मर्यादा: १० पेक्षा जास्त मूळ हिट डाइसचा प्राणी ॲनिमेट डेड मंत्राने झॉम्बी होत नाही.

पायरी चौथी: पार्टीची शस्त्रं आणि जादू समोर ठेवा

टेम्प्लेट एकट्याने चांगलं किंवा वाईट नसतं. ते समोर कोण उभं आहे त्यावर ठरतं. खेळाडूंच्या पात्रांचे कागद मागून घ्या आणि चार गोष्टी तपासा.

डॅमेज रिडक्शन आधी. सांगाड्याचं ५ चं रिडक्शन फक्त गदा, हातोडा अशा ठेचणाऱ्या शस्त्राने मोडतं, झॉम्बीचं ५ चं कापणाऱ्या शस्त्राने. यात अन्याय वाटत नाही, कारण कुणाकडे तरी गदा असतेच आणि ती नसली तरी पाचच पॉइंट जातात. व्हॅम्पायरचं १० चं रिडक्शन मोडायला शस्त्र चांदीचं आणि जादुई, दोन्ही असावं लागतं. चौथ्या-पाचव्या पातळीच्या पार्टीत असं शस्त्र क्वचितच असतं. दोन छोट्या तलवारींनी लढणाऱ्या पात्राचं नुकसान १डी६ अधिक ३ असेल, तर त्याचा सर्वात जोरदार घावही ९ वर थांबतो, म्हणजे तो खेळाडू पूर्ण लढाईत एकही ओरखडा काढू शकत नाही. मोठी तलवार धरलेला त्याचा सोबती सरासरी १६ काढतो आणि त्यातले ६ लागू पडतात. एकाच टेबलावर एकाची लढाई कठीण होते आणि दुसऱ्याची निरर्थक. असं होणार असेल तर आधीच्या सत्रात चांदीचं जादुई शस्त्र सापडू द्या, किंवा टेम्प्लेट बदला.

मग रोग, म्हणजे लपतछपत वर्मी घाव घालणारं पात्र. ३.५ मध्ये अनडेडवर क्रिटिकल हिट (वर्मी बसणारा, जादा नुकसानाचा घाव) लागत नाही, त्यामुळे रोगचा स्नीक अटॅकही (बेसावध शत्रूवरचा वार) लागू होत नाही. पाथफाइंडरने ही मुभा दिली आणि पाचव्या आवृत्तीतही असा सरसकट अडथळा नाही. ३.५ खेळताना एका अनडेड लढाईत रोगला त्रास झाला तर चालतं; पूर्ण तळघर अनडेडने भरलं तर त्या खेळाडूची संध्याकाळ वाया जाते. त्याच दालनात एखादा जिवंत पंथीय, एखादं यंत्र बंद करायचं काम, एखादं उघडायचं कुलूप ठेवा.

मनावर परिणाम करणारी जादू, झोप, विष, स्टन, मृत्यूचे मंत्र, हे सगळं अनडेडपुढे निष्प्रभ होतं. एन्चॅन्टर (मनं वश करणारा जादूगार) खेळणाऱ्याला हे आधीच माहीत असेल, पण लढाईची आखणी करताना त्याची सोय करणं तुमचं काम आहे.

शेवटी क्लेरिक (देवाची शक्ती वापरणारा पुरोहित), आणि इथे थोडं थांबायला हवं. अनडेडला पळवून लावण्याची क्लेरिकची शक्ती १९७४ च्या मूळ खेळापासून आहे आणि तुमची मेहनत एका फाशात उधळून लावू शकते. ३.५ मध्ये ती हिट डाइसवर चालते: फासा कितीही चांगला पडला तरी क्लेरिक आपल्या पातळीपेक्षा जास्तीत जास्त ४ हिट डाइस जास्त असलेल्या अनडेडलाच हाकलू शकतो. तिसऱ्या पातळीच्या क्लेरिकची मर्यादा ७. ओगर झॉम्बीचे हिट डाइस ८. रेटिंग ३ चा हा शत्रू त्याच्या कक्षेबाहेर आहे! त्याउलट १ हिट डाइसचे अनेक सांगाडे एका झटक्यात नष्टच होऊ शकतात. यातून निवडीचा एक साधा निकष मिळतो. ज्या शत्रूने शेवटपर्यंत उभं राहावं असं वाटतं त्याचे हिट डाइस रेटिंगच्या मानाने जास्त असावेत किंवा त्याला टर्न रेझिस्टन्स (पळवून लावण्याला विरोध करणारा गुण) असावा. व्हॅम्पायर आणि लिच दोघांनाही अधिक ४ मिळतं. आणि ज्यांना पळवून लावण्याचा आनंद क्लेरिकला द्यायचा आहे ते कमी हिट डाइसचे ठेवा. दोन्ही प्रकार एकाच लढाईत असावेत असं मला मनापासून वाटतं. क्लेरिक खेळणारा त्या क्षणाची वाट बघत असतो.

पायरी पाचवी: कामानुसार निवड

झुंडीसाठी सांगाडे. ते पूर्ण फेरी वापरतात, डेक्स्टेरिटी अधिक २ आणि इम्प्रूव्ह्ड इनिशिएटिव्ह यामुळे बऱ्याचदा पहिले हलतात, शस्त्र चालवण्याचं प्रशिक्षण टिकतं, म्हणून धनुर्धारी म्हणूनही उपयोगी पडतात. थंडीचा परिणाम शून्य असल्याने बर्फाची जादू करणारा त्यांचा मालक त्यांच्यासकट पूर्ण दालनावर मारा करू शकतो. ही जोडी मला फार आवडते.

पाथफाइंडरमध्ये दोन उपप्रकार लढाईचा रंग बदलतात. ब्लडी स्केलेटन पडला तरी तासाभराने १ हिट पॉइंट घेऊन परत उठतो, म्हणून तो परतीच्या वाटेवर पुन्हा भेटवायला उत्तम. बर्निंग स्केलेटन शेजारी उभ्या असणाऱ्याला भाजतो आणि नष्ट होताना फुटतो, त्यामुळे घोळक्याने लढणाऱ्या पार्टीला पांगायला लावतो. बदल्यात त्याची थंडीपासूनची सुटका जाते आणि थंडीच त्याला जास्त लागते. पाठलागासाठी तिथलंच फास्ट झॉम्बी घ्या. त्याला एकाच कृतीचं बंधन नाही, वेग १० फुटांनी वाढतो, जादा हल्ला मिळतो, मात्र डॅमेज रिडक्शन जातं. झपाट्याने येणारा आणि झपाट्याने पडणारा शत्रू.

तटबंदीसाठी, म्हणजे जागा अडवून मार खाण्यासाठी, मोठ्या प्राण्याचं झॉम्बी. वर पुरेसं लिहिलं आहे.

सेनापतीसाठी व्हॅम्पायर, पण नीट बांधलेला. हे टेम्प्लेट फक्त मानवसदृश आणि मॉन्स्ट्रस ह्युमनॉइड प्रकारांनाच लागतं, ३.५ मध्ये ओगर किंवा ट्रोल हे जायंट असल्याने बाद. स्ट्रेंग्थ अधिक ६ आणि डेक्स्टेरिटी अधिक ४ मिळते, पण फुल प्लेट घातली तर डेक्स्टेरिटीचा फक्त अधिक १ आर्मर क्लासमध्ये धरला जातो, म्हणून त्याला हलकं चिलखत द्या. नैसर्गिक चिलखत अधिक ६ आहेच. कॉम्बॅट रिफ्लेक्सेस, डॉज, इम्प्रूव्ह्ड इनिशिएटिव्ह हे फीट टेम्प्लेटमधून येतात, तेव्हा फायटरचे स्वतःचे फीट त्यांवर खर्च करू नका. कॉम्बॅट रिफ्लेक्सेस फुकट मिळतंय तर हातात लांब पोचेचं शस्त्र द्या. जवळ येणाऱ्या प्रत्येकावर संधीचा वार करता येईल. निगेटिव्ह लेव्हल (पात्राला दुबळं करणारी घट) मात्र त्याच्या हाताच्या तडाख्यातून बसतात, भाल्यातून नव्हे. शत्रूच्या कागदावर हे मोठ्या अक्षरात लिहा: या फेरीत शस्त्र की तडाखा? भिंतीवर चढतानाही हात मोकळे लागतात, त्यामुळे तो छतावरून येईल, खाली उतरेल आणि मग शस्त्र काढेल.

जड चिलखतातल्या योद्ध्यासाठी पाथफाइंडरचं ग्रेव्हनाइट हे माझ्या मते सर्वात सरस लढाऊ टेम्प्लेट आहे. त्याची ताकद त्याच्या चिलखतात असते, शस्त्रातून ऊर्जेचं जादा नुकसान होतं, आणि नष्ट केला तरी चिलखत शिल्लक असेल तर तो पुन्हा घडतो. लढवय्याला लढवय्याच ठेवून वर भर घालणारी टेम्प्लेट थोडी आहेत, त्यांतलं हे एक.

लिच आणि घोस्ट यांच्याबद्दल थोडक्यात. लिच होण्यासाठी अकराव्या पातळीची मंत्रशक्ती लागते, तेव्हा तलवारबाजाचा प्रश्नच येत नाही. घोस्ट शरीरहीन असतो. प्रकट झाल्यावर तो स्पर्शाने किंवा घोस्ट टच शस्त्राने मारतो, त्याच्या दंडातली ताकद तुमच्या पात्रांवर चालत नाही. त्रास देण्यासाठी, झपाटण्यासाठी, गूढ उकलायला लावण्यासाठी घोस्ट अप्रतिम आहे. समोरासमोरच्या लढाईसाठी घेऊ नका.

पाचवी आवृत्ती खेळणाऱ्यांसाठी

इथे टेम्प्लेट मोजकीच आहेत, आणि अनडेडला कॉन्स्टिट्यूशन असतं. २०१४ च्या नियमांत मूळ प्राण्याला झॉम्बी करायचं तर प्रकार अनडेड करा, अंधारात ६० फूट दिसू द्या, विषापासून मुक्त करा, स्ट्रेंग्थ अधिक १ आणि कॉन्स्टिट्यूशन अधिक २ द्या, इंटेलिजन्स ६ ने आणि विझडम व करिश्मा प्रत्येकी ४ ने उतरवा, आणि अनडेड फॉर्टिट्यूड द्या. खरी मौज या शेवटच्या गुणात आहे. शून्यावर आल्यावर तो ५ अधिक झालेलं नुकसान एवढ्या अंकाविरुद्ध कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (बचावाचा फासा) करतो आणि जमलं तर १ हिट पॉइंटवर टिकतो. ओगर झॉम्बीचा बोनस अधिक ४. शेवटचा घाव ५ चा असेल तर टिकण्याची शक्यता ७५ टक्के, १२ चा असेल तर ४० टक्के. छोटे छोटे अनेक घाव घालणाऱ्या पार्टीला हा शत्रू चिवट वाटतो, एक जबर घाव घालणाऱ्यांना साधा. रेडियंट (पवित्र प्रकाशाचं) नुकसान किंवा क्रिटिकल झाला तर सेव्हच मिळत नाही.

पळवून लावणं इथे विझडम सेव्हवर आहे, आणि झॉम्बीचं विझडम फक्त ६. झुंडीत एखादा घास्ट (घूल या प्रेतभक्षक अनडेडचा बलवान भाऊ) ठेवला तर ३० फुटांतल्या घूलांना त्या सेव्हवर ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून चांगला घेण्याची मुभा) मिळतो. झॉम्बींना मात्र याचा फायदा नाही.

पायरी सहावी: एक पूर्ण लढाई बांधून बघू

सहाव्या पातळीची चार जणांची पार्टी, ३.५ चे नियम. पडक्या किल्ल्याचा लांब, सरळ दरवाजाबोळ, त्यापलीकडे चौक.

बोळात दोन ओगर झॉम्बी. सरळ वाट असल्याने दोघेही चार्ज करू शकतात. सहाव्या पातळीचा क्लेरिक १० हिट डाइसपर्यंत पोचतो, म्हणजे चांगला फासा पडला तर त्यांना हाकलू शकतो, आणि ते योग्यच आहे. पण बोळात डिसिक्रेट मंत्र टाकलेला आहे: अनडेडच्या हल्ल्याला, नुकसानाला आणि सेव्हला अधिक १, आणि पळवून लावण्याच्या फाशाला उणे ३. झॉम्बी त्याच जागेत उठवलेले असतील तर त्यांना दर हिट डाइसमागे एक, म्हणजे प्रत्येकी ८ हिट पॉइंट जास्त. क्लेरिकने कॉन्सिक्रेट हा उलटा मंत्र टाकला तर हे सगळं पुसलं जातं. खेळाडूला सापडू शकेल असा तोडगा समोर ठेवला की अडचण खुपत नाही.

चौकात पाचव्या पातळीचा फायटर व्हॅम्पायर, रेटिंग ७, हातात लांब पोचेचं शस्त्र. तो दुसऱ्या फेरीत भिंतीवरून उतरतो, पार्टी बोळात गुंतलेली असताना. दोन झॉम्बी मिळून ५ च्या पातळीची चकमक, त्यात हा ७ चा. एकूण साधारण ८. सहाव्या पातळीच्या पार्टीला हे जड जाईल पण झेपेल, बशर्ते चांदीचं जादुई शस्त्र किंवा आगीची जादू हाताशी असेल. व्हॅम्पायरला थंडी आणि विजेविरुद्ध १० चं संरक्षण आहे, आगीविरुद्ध काहीच नाही. वर चौकाच्या छताला भगदाड आणि बाहेर उजाडायला थोडाच अवकाश ठेवला तर वेळ काढण्याचा मार्गही मोकळा होतो: थेट उन्हात तो गोंधळतो आणि पुढच्या फेरीत बाहेर पडू शकला नाही तर नष्ट होतो.

याला धार आणायची असेल तर झॉम्बींमागे एक दुष्ट क्लेरिक उभा करा. जखम करणारे त्याचे निगेटिव्ह ऊर्जेचे मंत्र अनडेडला बरे करतात. तो जिवंत माणूस आहे, म्हणून रोगच्या स्नीक अटॅकलाही काम मिळतं, एन्चॅन्टरलाही. मात्र रेटिंगमध्ये त्याची भर मोजायला विसरू नका.

टेबलावर चालवताना

रिडक्शन आकड्याने सांगू नका, दिसू द्या. बाण फासळ्यांतून आरपार जातो, तलवार हाडावरून घसरते, पण ढालीच्या ठोकरीने बरगडी तडकते. दुसऱ्या फेरीपर्यंत असा इशारा मिळालाच पाहिजे, कारण तिसऱ्यात निकाल लागायला सुरुवात होते.

बुद्धिहीन अनडेड डावपेच करत नाहीत. दिलेला हुकूम पाळतात. हुकूम आधीच एका ओळीत लिहून ठेवा, जसं ‘उंबरठा ओलांडणाऱ्याला मारा’. उंबरठ्याच्या अलीकडे उभं राहून खेळाडूंनी त्याचा फायदा घेतला तर घेऊ द्या. त्यांनी निरीक्षण केलं आहे. बुद्धिमान अनडेडने मात्र पहिल्या फेरीत पवित्र चिन्ह धरणारा हात शोधावा.

व्हॅम्पायर शून्यावर आला की धुकं होऊन शवपेटीकडे निघतो, आणि दोन तासांत पोचला नाही तर संपतो. शवपेटी कुठे आहे, वाट कुठून जाते, पार्टी पाठलाग करू शकते का, हे लढाईच्या आधी ठरवलेलं असावं, कारण चांगली पार्टी तो प्रश्न त्याच क्षणी विचारते. लढाई अंदाजापेक्षा जड चालली असेल तर तुमच्या हातात सर्वात सोपी कळ म्हणजे दुसरा झॉम्बी बोळाच्या टोकालाच राहू देणं. हलकी चालली असेल तर व्हॅम्पायरला शस्त्र टाकून तडाख्यांवर येऊ द्या. एका लागलेल्या तडाख्यात दोन निगेटिव्ह लेव्हल बसल्या की टेबलाचा नूर बदलतो.